हिंगोलीचा कापडवाला आणि कंपनीची वही

हरिसिंगाकडे परवाना होता. हिंगोलीच्या छावणीत त्याचा कापडाचा व्यापार चालत असे. गिऱ्हाइकांत गोरे अधिकारीही होते आणि बाजारात त्याची पत होती. मुंबईहून माल आणायचा आहे, तेव्हा रस्त्यासाठी कागद मिळावा, असा अर्ज त्याने त्या भागाचा मुलकी कारभार पाहणाऱ्या कॅप्टन रेनॉल्ड्सकडे केला. ओळखीच्या, प्रतिष्ठित सावकाराला परवाना नाकारण्याचे काही कारण नव्हते. साहेबाने सही केली.

मुंबईहून कापड खरोखरच निघाले होते, पण ते हरिसिंगाचे नव्हते. हिंगोलीपासून फार लांब नसलेल्या एका गावचा व्यापारी ते घेऊन येत होता आणि हरिसिंगाला त्याची खबर लागली होती. वाटेत तो व्यापारी, त्याची माणसे आणि बैल हाकणारे, सगळे मारले गेले. माल हरिसिंगाच्या परवान्यावर हिंगोलीत पोचला आणि भर छावणीत, उजळ माथ्याने विकला गेला. कुणाला संशय यायचे कारण नव्हते, कागद बिनचूक होता. पुढे पकडला गेल्यावर हरिसिंगाने स्वतःच ही हकीगत सांगितली आणि तीही एखादी मोठी गंमत केल्याच्या थाटात.

ही गोष्ट लिहून ठेवली फिलिप मेडोज टेलर या निजामाच्या फौजेतल्या इंग्रज अधिकाऱ्याने. 1839 मध्ये लंडनमध्ये छापलेल्या 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' या त्याच्या कादंबरीची प्रस्तावना निव्वळ कादंबरीकाराची नाही, साक्षीदाराची आहे. हरिसिंगाशी आपला स्वतःचाही व्यवहार झाला होता, असे तो त्यात कबूल करतो. ठगांवरचे लेखन पुष्कळ झाले आहे. गूढ देवी, गळा आवळायचा पिवळा रुमाल, शकुन-अपशकुन यांचा मसाला लावून ते शंभर वर्षे खपले. मला त्या मसाल्यात रस नाही. हिंगोलीच्या छावणीत 1830 नंतरच्या काही वर्षांत एका व्यापारी कंपनीच्या राज्याने माणसांवर पाळत ठेवायची जी रीत बसवली, ती पुढे कुणाकुणाच्या घरापर्यंत गेली, हे मला पाहायचे आहे. रुमालापेक्षा ही पाळतीची वही जास्त काळ टिकली.

आज हिंगोलीत पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार ही नावे लोक रोज तोंडात वागवतात. 1999 च्या 1 मे रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याचे मुख्य ठिकाण मुळात छावणीचे गाव आहे. मुलूख निजामाचा, पगार निजामाच्या तिजोरीतून आणि हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा, अशी ही फौज. हैदराबादचा रेसिडेंट हेन्री रसेल याने 1813 मध्ये उभ्या केलेल्या रसेल ब्रिगेडपासून तिचा वंश सुरू होतो. पुढे ती हैदराबाद कंटिंजंट म्हणून ओळखली गेली. फौजेचे काम परचक्र थोपवणे असते, असे आपण समजतो. या फौजेचा बराच वेळ घरच्याच लोकांना दाबण्यात गेला. 1819 च्या जानेवारीत मेजर पिटमनने हटकरांचा पुढारी नौसाजी नाईक याच्या नोवाहच्या गढीला वेढा घालून ती फोडली, ती याच फौजेच्या जोरावर.

या फौजेचा पगार हा स्वतंत्र धंदाच होता आणि तो समजल्याशिवाय पुढचे समजणार नाही. हैदराबादेत विल्यम पामर अँड कंपनी नावाची पेढी होती. विल्यम पामर हा इंग्रज सेनानी बाप आणि हिंदुस्थानी आई यांचा मुलगा. आधी निजामाच्या चाकरीत होता, मग सावकार झाला. युरोपियन प्रजाजनांनी देशी संस्थानिकांना कर्ज देऊ नये असा इंग्लंडचा कायदा होता. 1816 मध्ये गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जने या पेढीला त्यातून सूट दिली. थोड्याच काळात सर विल्यम रंबोल्ड पेढीत भागीदार होता आणि त्याची बायको ही हेस्टिंग्जच्या घरात वाढलेली मुलगी होती. रेसिडेन्सीतल्या अधिकाऱ्यांचेही पैसे पेढीत गुंतले होते. निजामाचा पेशकार चंदूलाल फौजेचा पगार देण्यासाठी या पेढीकडून कर्ज काढी, व्याज शेकडा 24-25 च्या घरात. वऱ्हाड-औरंगाबादकडच्या फौजेचा पगार पेढीने भागवायचा आणि त्यापोटी मुलखाचा महसूल तिच्याकडे वळवायचा, अशी सोय होती. चार्ल्स मेटकाफ 1820 च्या अखेरीस रेसिडेंट होऊन आला तेव्हा हे सगळे उघडे पडू लागले. शेवटी 1823 मध्ये 'उत्तर सरकार' (नॉर्दर्न सरकार्स) या मुलखापोटी कंपनीने निजामाला जी दरसाल 7 लाखांची पेशकश द्यायची, तिचा एकरकमी हिशेब करून 1 कोटी 16 लाख 66 हजार 666 रुपये पेढीचे देणे फेडण्यासाठी देण्यात आले. त्यापुढच्याच वर्षी पेढी बुडाली.

म्हणजे हिंगोलीच्या चौकीवर उभ्या असलेल्या पहारेकऱ्याच्या पगारात एका खासगी पेढीचा नफा मिसळला होता. मेडोज टेलरने पुढे याच विल्यम पामरच्या मुलीशी लग्न केले. हैदराबादचे गोरे जग फार लहान होते.

त्या पहारेकऱ्याच्या नाकासमोर काय चालले होते, ते 1830 नंतर बाहेर आले. नर्मदेकाठच्या मुलखात विल्यम हेन्री स्लीमन याने पकडलेल्या ठगांतून काहींना जिवाचे अभय देऊन माफीचे साक्षीदार केले आणि त्यांच्या तोंडून नावामागून नावे निघू लागली. धागा दख्खनेत आला, रेनॉल्ड्सकडे काम सोपवले गेले, आणि हिंगोलीच्या बाजारातला प्रतिष्ठित कापडवाला टोळीचा म्होरक्या निघाला. मग साक्षीदारांना छावणीच्या हद्दीत फिरवण्यात आले. मुख्य चौकीपासून शंभर यार्डांच्या आत, भर बाजारात माणसे मारली गेली होती आणि पहाऱ्याच्या रांगेपासून जेमतेम पाचशे यार्डांवर पुरली होती. छावणीतून शेजारच्या गावाकडे जाणाऱ्या रस्त्यालगत नदीला मिळणारा एक कोरडा ओहोळ होता, खंदकाहून रुंद नाही की खोल नाही. तिथे साक्षीदार थंडपणे जागा दाखवत गेले आणि खोदणारे खोदत गेले. एकेका खड्ड्यात कित्येक प्रेते निघाली. टेलर तिथे हजर होता. शेवटी पाहणाऱ्यांनाच मळमळू लागले आणि शोध अर्धवट सोडला गेला, असे तो लिहितो. कयाधूच्या काठच्या या गावात तो ओहोळ आज नेमका कुठला, हे दाखवणारी पाटी कुठे नाही.

तेव्हा एक गोष्ट स्पष्ट ठेवू. खून खरे होते. ठगी हे निव्वळ इंग्रजांच्या डोक्यातले भूत होते, असे म्हणण्याची एक फॅशन मध्यंतरी आली. हिंगोलीच्या ओहोळातली हाडे तिला उत्तर देतात. राधिका सिंघा आणि किम वॅग्नर यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्याहून मोलाचे काम केले आहे. दरोडेखोरी, जमीनदारांचा आश्रय, बेकार झालेले शिपाई, दुष्काळ, वाटमारी अशा वेगवेगळ्या गोष्टींना एकाच पंथाच्या, एकाच रक्ताच्या, हिंदुस्थानभर पसरलेल्या गुप्त संघटनेचा चेहरा कसा दिला गेला, ते त्यांनी कागदपत्रांतून दाखवले. मारेकरी होते; 'ठगांची जात' मात्र दफ्तरात तयार झाली.

ती कशी तयार झाली, हे पाहण्यासारखे आहे. स्लीमन मेहनती माणूस होता, लाचखाऊ नव्हता, आणि त्याला स्वतःच्याच आंधळेपणाची लाज वाटत होती. 1822 ते 1824 या काळात नरसिंहपूरचा कारभार त्याच्याकडे असताना त्याच्या कचेरीपासून चारशे यार्डांवरच्या कांदेली गावात ठगांची वस्ती होती आणि एका मुक्कामावरची मंडेसरची आमराई म्हणजे मोठे दफनस्थान होते. त्याला पत्ता नव्हता. या लाजेतून त्याने वही उघडली. साक्षीदारांना वेगवेगळे ठेवायचे, त्यांच्या जबान्या एकमेकींशी ताडून पाहायच्या, प्रत्येक टोळीच्या सफरीचा मार्ग, मुक्काम आणि खुनाची जागा नकाशावर टिपायची, आणि ठगांची पिढ्यान् पिढ्यांची वंशावळ लिहायची. 1836 मध्ये कलकत्त्यात छापलेल्या त्याच्या 'रामासीयाना' या ग्रंथात ठगांच्या सांकेतिक बोलीच्या कोशाबरोबर अशा वंशावळीही आहेत. आज पोलीस ज्याला डेटाबेस म्हणतात, त्याचा हा आजा. त्यात बाप, काका, सासरे, दत्तक मुले सगळे होते. एकदा नाव चढले की माणूस कधीतरी त्या रांगेतून बाहेर काढला जाईल, अशी सोय त्या कागदावर नव्हती.

पुराव्याची अडचण मात्र होतीच. ठगीत प्रेत सापडले तरी ओळखायला कुणी नसते, कारण वाटसरू परमुलखातला, फिर्यादी नसतो, मुद्देमाल फार आधी विकला गेलेला. साक्ष फक्त साथीदाराची आणि तोही शिक्षा झालेला. रूढ कायद्यात अशी साक्ष टिकेना. मग कायदाच वाकवला गेला. 1836 च्या तिसाव्या कायद्याने ठरवले की, ठगांच्या कुठल्याही टोळीत कधीही असल्याचे सिद्ध झाले, कायदा येण्याआधी का असेना, कंपनीच्या मुलखाबाहेर का असेना, तर जन्मठेप आणि सक्तमजुरी. कुणाला मारले, कधी, कुठे, हे दाखवायची गरज उरली नाही. 'होता' एवढेच पुरे. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका कायद्याने शिक्षा झालेल्या माणसाची साक्षही ग्राह्य ठरवली.

'कंपनीच्या मुलखाबाहेर' हे शब्द हिंगोलीसाठीच जणू घातले होते. हिंगोली निजामाची, रयत निजामाची. पण तिथल्या माणसाला पकडून कुठे न्यायचे, कुठल्या साक्षीवर, हे ठरवणारे कंपनीचे. साक्षीदार शिपायांच्या पहाऱ्यात गावोगाव फिरत आणि बोट दाखवत. त्या बोटात केवढी ताकद होती आणि तिचा काय उपयोग होऊ शकत होता, हे कुणाला कळत नव्हते असे नाही. ग्वाल्हेरचा रेसिडेंट कॅव्हेंडिश याच्यासारख्या कंपनीच्याच अधिकाऱ्यांनी या पद्धतीवर हरकत घेतली होती. ती चालली नाही.

रेनॉल्ड्सने दिलेला 1831 ते 1837 या वर्षांचा हिशेब टेलरने छापला आहे. काळ्या पाण्यावर, पेनांग वगैरे बंदरांत पाठवलेले 1059. फाशी 412. जन्माची सक्तमजुरी 87. जामीन देता आला नाही म्हणून तुरुंगात 21, कमीजास्त मुदतीच्या कैदेत 69. खटला चालून सुटलेले 32. पळालेले 11, तुरुंगात मेलेले 36. याखेरीज माफीचे साक्षीदार 483, दोषी ठरून शिक्षा बाकी असलेले 120, आणि खटल्याविना नुसतेच डांबलेले 936. एकूण 3266. त्यात सुटका झालेल्यांचा आकडा पुन्हा पाहावा: निकाल लागलेल्या सुमारे सतराशे माणसांत 32. एवढ्या मोठ्या धरपकडीत चुका इतक्या कमी झाल्या, यावर ज्याला विश्वास ठेवायचा त्याने ठेवावा. शिवाय 1800 नामांकित ठग अजून मोकळे आहेत, असेही रेनॉल्ड्सने 1837 मध्ये कळवले. ते मोकळे आहेत हे कळायला त्यांची नावे आधीच वहीत असावी लागतात. दोषी ठरलेल्यांच्या कपाळावर गोंदण करून ते आयुष्यभर ओळखू येतील अशीही तजवीज केली जात असे. कागद हरवतो, कपाळ हरवत नाही. ही गोदना-पद्धत 1849 मध्ये बंद झाली.

आता या सगळ्यामागे जी संस्था होती तिच्याकडे वळू. ईस्ट इंडिया कंपनीने त्या वेळी व्यापार करणेच सोडले होते. 1833 च्या सनदी कायद्याने तिचा व्यापार बंद केला, पण तिच्या भागधारकांचा लाभांश बंद केला नाही. शेकडा साडेदहा दराने वर्षाला 6 लाख 30 हजार पौंड आणि तेही हिंदुस्थानच्या महसुलातून. जगात कंपन्या राज्याला मदत करतात, राज्य कंपन्यांना कंत्राटे देते, हे आपण पाहत आलो. इथे राज्य हीच एक भागभांडवलाची कंपनी होती. तिच्याकडे माल नव्हता, दुकान नव्हते, विकायला फक्त बंदोबस्त होता. रस्ते सुरक्षित केले, ठग निपटून काढले, ही लंडनमध्ये दाखवायची सर्वांत देखणी कमाई ठरली. तिच्यात खोटे किती आणि खरे किती, हे सामान्य इंग्रज वाचकाला टेलरच्या कादंबरीतून कळायचे आणि कादंबरी तुफान खपली.

मला या प्रकरणातली खरी गोम वेगळ्याच जागी दिसते. हरिसिंग फिरस्ता नव्हता. त्याला घर होते, दुकान होते, नाव होते, साहेबाच्या सहीचा कागद होता. कंपनीच्या देखरेखीने ज्या ज्या गोष्टी सज्जनपणाचा पुरावा मानल्या, त्या सगळ्या त्याच्याकडे होत्या आणि त्यांच्याच आडून त्याने खून पचवले. या अनुभवातून सरळ धडा निघतो, की घरदार आणि परवाना पाहून माणूस ओळखता येत नाही. कंपनीच्या दफ्तराने उलटाच धडा घेतला. तिथून पुढे संशय वळला तो ज्यांना घर नाही, दुकान नाही, जे पाल टाकून राहतात आणि पाल उचलून चालू लागतात, त्यांच्यावर. प्रतिष्ठित कापडवाल्याच्या गुन्ह्याचा दंड पारध्यांनी, कैकाड्यांनी, बंजाऱ्यांनी भरला.

बंजाऱ्यांचे उदाहरण हिंगोलीकरांना सांगायला नको. जिल्ह्यात आणि शेजारच्या पुसद भागात जागोजाग तांडे आहेत. 1803 च्या मोहिमेत दख्खनेत उतरलेला आर्थर वेलस्ली आपल्या फौजेच्या धान्यासाठी बंजाऱ्यांच्या बैलांवर विसंबला होता. त्यांचे हजारो बैल चालले तर तोफा चालायच्या. म्हणजे हे लोक कंपनीचे कंत्राटदारच. पुढे रस्ते झाले, आगगाडी आली, मिठावर सरकारचा ताबा बसला, बैलांचा धंदा मोडला. फिरणारा माणूस ज्याच्या कामाचा उरत नाही, त्याला तो फिरतो कशाला, हा प्रश्न लगेच पडतो.

1871 चा गुन्हेगार जमाती कायदा हा स्लीमनच्या वहीचा सरळ वारस. स्थानिक सरकारने एखादी जमात, टोळी किंवा माणसांचा वर्ग सूचनेने 'गुन्हेगार' ठरवायचा; त्या सूचनेविरुद्ध कुठल्याही न्यायालयात दाद नाही. प्रत्येकाचे नाव नोंदवहीत. हजेरी. गाव सोडायचे तर पास. गावाच्या पाटलावर आणि जमीनदारावर वर्दी देण्याची जबाबदारी. आधी उत्तर हिंदुस्थानात, 1876 मध्ये बंगालात, आणि 1911 च्या कायद्याने मुंबई-मद्रास इलाख्यांसह सगळीकडे; तेव्हापासून बोटांचे ठसेही आले. 1897 च्या दुरुस्तीने चार वर्षांपासूनची मुले आईबापांपासून वेगळी करून ठेवायची मुभा दिली होती. निजामाच्या राज्यात हा कायदा थेट लागू नव्हता. त्या राज्यानेही आपला तसाच कायदा केला. मराठवाड्यात 'जरायमपेशा' हा शब्द फारसी दफ्तरातून आला आणि पोलीस ठाण्याच्या ओट्यावर बसलेल्या माणसाच्या आडनावाला चिकटला.

ठगी खातेही बसून राहिले नाही. ठगी संपली तसे ते 'ठगी आणि डकैती खाते' झाले. डकैतीही ओसरू लागली तेव्हा 1887 मध्ये त्याच खात्याच्या छत्राखाली राजकीय खबरा गोळा करणारी सेंट्रल स्पेशल ब्रँच निघाली. 1904 मध्ये कर्झनच्या काळात ठगी-डकैती खाते गुंडाळून त्याजागी मध्यवर्ती गुन्हे-गुप्तवार्ता खाते उभे राहिले. आपला आजचा इंटेलिजन्स ब्युरो आपला जन्म 1887 चा मानतो. वाटमाऱ्यांसाठी उघडलेले दफ्तर वर्तमानपत्रांच्या संपादकांवर, सभेतल्या वक्त्यांवर आणि देशभक्तांवर पाळत ठेवायला कसे लागले, यात गूढ काही नाही. खात्याला काम लागते.

आणि गिरण्यांना माणसे लागतात. इथे ही कहाणी हिंगोलीहून दक्षिणेला सोलापूरला जाते. 1877 पासून तिथे मोरारजी गोकुळदासांच्या कंपनीची सूतगिरणी चालू होती, पुढे आणखी गिरण्या आल्या. 1911 च्या कायद्याने 'गुन्हेगार जमातीं'साठी औद्योगिक वसाहती काढण्याची तरतूद केली. मुंबई इलाख्यात विजापूरपासून हे काम हाती घेणारा अधिकारी म्हणजे ओ. एच. बी. स्टार्ट. सोलापूरची वसाहत गिरण्यांच्या जवळ वसली आणि तिचा कारभार अमेरिकन मराठी मिशनकडे होता. कैकाडी, पारधी, मांग-गारुडी, भामटे, कंजारभाट, छप्परबंद असे किती तरी लोक तारेच्या कुंपणाआड आले. सोलापुरात आजही त्या भागाला सेटलमेंट म्हणतात.

सरकारने माणसे आणून ठेवली, मिशनने त्यांना सुधारायचे, गिरणीने कामावर घ्यायचे. स्टार्ट हा दुष्ट माणूस मुळीच नव्हता. पुढे 1928 मध्ये अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या मुंबई सरकारच्या समितीचा तो अध्यक्ष झाला आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या समितीचे सभासद होते. सेटलमेंटमध्ये शाळा होत्या, गिरणी मजुरी देत होती. पण मजूर बाजाराचा पहिला नियम असा, की कामगाराला काम सोडून जाता येते. इथे तो जाऊ शकत नव्हता. पास नसताना बाहेर दिसला तर तो गुन्हा, हजेरीला नसला तर तो गुन्हा. भोंग्याला हजेरी गिरणीची, संध्याकाळची हजेरी सरकारची. गावाकडे पीक आले, लग्नसराई आली की गिरणीतली माणसे पांगतात, ही गिरणीमालकांची जुनी तक्रार होती; कायद्याने बांधून ठेवलेल्या मजुराबद्दल ती तक्रार करायची वेळ येत नव्हती. मद्रास इलाख्यात स्टुअर्टपुरमची वसाहत सॅल्व्हेशन आर्मीने चालवली आणि तिथल्या येरुकलांना चिराल्याच्या तंबाखू कंपनीत काम मिळाले; मीना राधाकृष्ण यांनी त्यावर नेमके लिहिले आहे. नमुना एकच. पाळतीचा खर्च सरकारचा, धर्माचे पुण्य मिशनचे, मजूर कंपनीचा.

गिरणीमालकांनी कायदा केला नव्हता, असे म्हणता येईल. पामरच्या पेढीनेही निजामाला फौज ठेव म्हणून सांगितले नव्हते. दोघांनीही समोर आलेल्या बंदोबस्तातून आपला हिस्सा तेवढा उचलला. अशा प्रकरणांत कागदोपत्री अपराधी कुणीच सापडत नाही आणि म्हणून ती दीर्घायुषी असतात.

मुंबई राज्याने गुन्हेगार जमाती कायदा 1949 मध्ये रद्द केला. केंद्राने 31 ऑगस्ट 1952 रोजी तो देशभर संपवला आणि या जमातींना 'विमुक्त' हे नाव मिळाले. मधल्या काळात सराईत गुन्हेगारांसाठी नवे कायदे झाले होते, 1959 मध्ये मुंबई राज्याने आपला नवा केला. जमातीचे नाव कागदावरून गेले, वही तशीच राहिली. तिला आता हिस्ट्रीशीट म्हणू लागले. उत्तर प्रदेशातला खडकसिंग याच्यावर 1941 मध्ये दरोड्याचा आळ आला, पुरावा नाही म्हणून सुटका झाली, तरी पोलिसांनी त्याचे पान उघडले आणि रात्री-अपरात्री दार ठोठावू लागले. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 18 डिसेंबर 1962 च्या निकालात रात्रीच्या झडत्या घटनाबाह्य ठरल्या; बाकीची पाळत मात्र कायम राहिली, कारण खासगीपणाचा हक्क घटनेत नाही असे बहुमताला वाटले. न्या. सुब्बाराव यांनी वेगळे मत दिले होते. ते बरोबर होते, हे ठरायला 24 ऑगस्ट 2017 उजाडला. तो निकाल आधारच्या खटल्यातून निघाला, आणि 2018 च्या सप्टेंबरात त्याच खटल्याच्या अंतिम निकालात न्यायालयाने खासगी कंपन्यांना आधार मागण्याची मुभा देणारी तरतूद खोडून काढली. राज्याने गोळा केलेली ओळख कंपन्यांच्या हाती किती द्यायची, हा प्रश्न देशाच्या सर्वोच्च न्यायालयासमोर इतक्या उघडपणे येण्याची ही पहिलीच वेळ असावी.

हिस्ट्रीशीटचे काय? 7 मे 2024 रोजी अमानतुल्ला खान प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोंदवले की मागास जमातींतल्या, अनुसूचित जाती-जमातींतल्या निरपराध माणसांची पाने केवळ पूर्वग्रहातून उघडली जातात. राज्यांनी याची दखल घ्यावी. त्याच वर्षी 3 ऑक्टोबरला सुकन्या शांता यांच्या याचिकेवर तुरुंगातल्या जातिभेदाचा निकाल लागला. तुरुंगाच्या नियमावल्यांत विमुक्त जमातींच्या कैद्यांना अजूनही 'सराईत' समजले जात होते, फिरस्त्या जमातीचा म्हणून कैद्यावर जादा निर्बंध होते. तीन महिन्यांत नियम बदला, कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढून टाका, आणि विमुक्तांना मनमानी अटक होऊ नये म्हणून घालून दिलेले दंडक पोलिसांनी पाळावेत, असा हुकूम झाला.